एकसष्ट हजार टिंबं

३ जून, सकाळी ११
ताईच्या वशिल्याने लायब्ररीत काम लागलं. तिबेटी पोथीची फाइल बिघडलीय, ती दुरुस्त करायची. स्कॅनवरून कॉम्प्युटरने मजकूर उतरवला, स्कॅनची चित्रं कुणी ठेवली नाहीत आणि मूळ पानं नंतर वाळवीने खाल्ली, त्यामुळे आता जे काही आहे ते फाइलमध्येच. पोथी लायब्ररीत येणाऱ्या एका तिबेटी आजोबांच्या गुरूंची. तिबेटी मला येत नाही, पण बिघाड कॉम्प्युटरचाच आहे ना? आठवडा पुरे. मग सायकल आणि डोंगर.

४ जून
पानोपानी चौकोन, प्रश्नचिन्हं आणि सगळीकडे बारीक टिंबं. स्कॅनरच्या काचेवरची धूळ, दुसरं काय! 'रिप्लेस ऑल' मारलं, सेव्ह केलं. एकसष्ट हजार टिंबं एका क्लिकमध्ये साफ. ताईने विचारलं, बॅकअप घेतलास ना? घेतला म्हटलं. खोटं नाही. काल घेतला होता, आज गेमला जागा हवी होती.

६ जून
आजोबा आले. स्क्रीनला नाक लावून ओळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, बाळा, आता थांबायचं कुठे? तिबेटीत म्हणे शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, टिंब देतात. हे आधी सांगायला काय झालं होतं? ताई म्हणाली, गाढवा, धूळ तुझ्या डोक्यात आहे. माझ्यावर विश्वास कुणाचाच नाही.

७ जून
तोडगा शेवटी मीच काढला. आजोबांना पोथी तोंडपाठ. ते म्हणत जातात, बोट ठेवतात, मी टिंब देतो. चौकोनांच्या जागची अक्षरंही तेच दाखवतात. पानं तीनशे. रोज दहा, महिन्यात खलास. आज दोन झाली.

१५ जून
मित्राने गिटार आणली, त्यात आठवडा गेला. आजोबा रोज दहाला येऊन माझ्या खुर्चीशेजारी बसतात म्हणे. निवांत माणूस, त्यांना कसली घाई? उद्यापासून वीस पानं. नक्की.

२ जुलै
एकूण अकरा. मध्ये डोंगर झाला, सायकलची चेनही तुटली. आजोबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, मी गेल्यावर कुणाला विचारशील? म्हटलं, आजोबा, तुम्ही शंभरी गाठणार! हसले. माणसं जिंकायची कला आहे माझ्यात.

९ जुलै, दुपारी
आज जाणारच होतो. ताईचा फोन आला. आजोबांना झटका आला, वाचा गेली. लॅपटॉप घेऊन हॉस्पिटलात गेलो. कानाशी वाकून म्हटलं, आजोबा, बारावं पान.

डोळे मिटलेलेच. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हललं. कॉटच्या दांडीवर टक. जरा थांबून टक. मनातल्या मनात पान म्हणत होते, टिंबाला एक टक.

मी शेवटपर्यंत मोजलं. दोनशे सात.

कुठं कुठं द्यायची, ते मला वाचता येत नाही.