तिसऱ्या पायरीवर कोणी घसरत नाही

॥ श्री ॥
सावळखेड, ता. मेहकर
७ ऑगस्ट १९६२

चि. निवृत्तीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. राखी सोबत घातली आहे. दोरा साधाच आहे, गाठ पक्की मार.

काल श्रावणातला पहिला सोमवार. भगवंतरावांनी आषाढात महादेवाला नव्या पाच पायऱ्या दान दिल्या, तोंड दिसावं इतक्या घोटलेल्या. पहाटे पाण्याचे तांबे घेऊन आम्ही बायका चढलो, तर सहा जणी घसरल्या. माझ्या धाकट्या जावेचं, अन्नपूर्णेचं, मनगट मोडलं. वर भगवंतराव बोलले की बायकाईले विटाळाचं भान राह्यलं नाही, म्हणून देव उभं राहू देत नाही. पुढच्या सोमवारी कोणी पडली तर तिसऱ्या सोमवारापासून बायकांनी खालूनच हात जोडावे. तुझ्यापायी साऱ्यांचा देव तुटतो, असं लोक अन्नपूर्णेला ऐकवतात. ती भिंतीकडे तोंड करून पडून असते.

मी सोळा वर्षं सोमवार धरते. माझा देव पाय ओढणारा नव्हे. मॅट्रिकला घर्षणाचा धडा होता, एवढं आठवतं. तू शाळेत शास्त्र शिकवतोस, तर दगड पाय का सोडतो ते लिही. गणितात तुला माझ्याहून तीन गुण कमी होते, म्हणून जरा विचार करून लिही.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी ताई, सुभद्रा

देऊळगाव राजा
१० ऑगस्ट १९६२

ती. ताईस शि. सा. न. वि. वि. राखी पोचली. ते तीन गुण तू मरेपर्यंत विसरणार नाहीस.

डोळ्यांना सपाट दिसणारा दगडही सपाट नसतो. त्यावर बारीक उंचवटे असतात, तळवा त्यांत अडकतो. घोटून ते काढले आणि वर पाणी सांडलं, की पाय दगडाला भिडतच नाही, पाण्यावरून सरकतो. जातं गुळगुळीत झालं की दळत नाही, मग तू त्याला टाकी लावून घेतेस. हे तेच.

पाहायचं असेल तर एक घोटलेली आणि एक टाकीची फरशी घे, ओली कर, वर विटेचा तुकडा ठेवून फरशीचं टोक हळूहळू उचल. जिच्यावरून तो आधी सुटेल, तिचं घर्षण कमी. आणि कोण कुठल्या पायरीवर घसरतं ते लिहून ठेव. कोप पायरी पाहून येत नाही, घर्षण मात्र पायरीगणिक बदलतं.

भगवंतरावांशी वाद मात्र घालू नकोस. दाजींना त्याच गावात राहायचं आहे.

कृपा असू द्यावी.
तुझा, निवृत्ती

सावळखेड
१४ ऑगस्ट १९६२

चि. निवृत्तीस आशीर्वाद. काल पहाटेपासून हिशेबाची वही घेऊन पायऱ्यांशेजारी बसले. पहिलीवर दोघी घसरल्या, दुसरीवर तिघी, चौथीवर तिघी, पाचवीवर एक. तिसरीवर कोणी नाही. तिसरीवर भगवंतरावांच्या वडिलांचं, उकंडरावांचं, नाव कोरलं आहे. भक्तांची पायधूळ लागावी म्हणून पायरीवर नाव घालायची आपल्याकडे रीतच आहे. अक्षरांच्या खाचांत पाणी उतरतं, बोटं कडांना धरतात. पुरुष येतात दुपारी, पायऱ्या वाळल्यावर; ते कशाला पडतील?

मग पायऱ्या घडवणाऱ्या अब्दुल गनीकडे गेले. घोटलेली फरशी चार बोटं उचलताच विटेचा तुकडा सुटला. टाकीची वीतभर उचलली तरी हलेना. गनीभाई म्हणाला की म्या तवाच सांगतलं होतं, टाकी राहू द्या, पन शेटले आरसाच पायजे होता.

वही पंचांपुढे ठेवली. भगवंतराव म्हणाले की दानाच्या दगडाले बाईच्या बोलानं टाकी लागत नसते, पायरीवर कोरायचं तर फक्त भक्ताचं नाव. बंदी ठरली. तुझ्या दाजींनी घरी विचारलं, काऊन हसून राह्यली? त्यांना सांगितलं नाही, तुला सांगते. भक्ताचं नाव, असं पंचांसमक्ष बोललेत.

लोभाला वंगण लागत नाही, तरी पत्र लवकर पाठव.
ताई

देऊळगाव राजा
१७ ऑगस्ट १९६२

ती. ताईस न. वि. वि. तुझं हसणं मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणूनच भीती वाटते. गाव वाळीत टाकील. अन्नपूर्णावहिनींना घेऊन चार दिवस इकडे ये.

काळजीत,
निवृत्ती

सावळखेड
२१ ऑगस्ट १९६२

चि. निवृत्तीस आशीर्वाद. येणं जमलं नाही, इथेच काम होतं.

शनिवारी नि रविवारी गनीभाई आणि त्याची बायको गौसिया पायऱ्यांवर छिन्नी घेऊन बसले. चार कोऱ्या पायऱ्यांवर चार नावं: जनकाबाई, रुखमाबाई, अन्नपूर्णाबाई, सरस्वतीबाई. चौघीही पडलेल्या. अक्षरं हातभर उंच, उजवीकडे तेवढी वीतभर कड कोरी राहिली. पंच धावत आले. मी म्हटलं, नावं भक्तांचीच आहेत. यांतली कोणती सोमवार चुकली ते सांगा. हिंमतराव पंचांनाच आधी हसू फुटलं. भगवंतराव मात्र म्हणाले की बाईच्या नावावर मी पाय देनार नाही. मी म्हटलं, नका देऊ.

काल पहाटे ते खाली काठी आडवी धरून उभे होते. अन्नपूर्णा गळ्यात हात बांधलेला, दुसऱ्या हाती तांब्या, अशी काठीखालून वाकून गेली. मागून आम्ही साऱ्या. पाणी मुद्दाम सांडलं. एकही घसरली नाही. ती वर पोचली आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदा मान वर करून बोलली, की तांब्या भरलेलाच राह्यला.

पुढच्या सोमवारीही जाऊच. कोणी आडवं आलं तर वही आहे.

भावाचा लोभ झिजत नसतो, हे शास्त्रात नसलं तरी मुलांना शिकव.
तुझी ताई, सुभद्रा

ता. क. आम्ही उतरल्यावर भगवंतराव चढले, नावं चुकवत, कोऱ्या कडेनं. लागलं नाही, धोतर तेवढं भिजलं. अन्नपूर्णेनं धड असलेला हात पुढे केला, तो त्यांनी धरला. उतरताना नावांवरूनच उतरले. वहीत नोंद केली आहे: चौथी पायरी, कोरी कड, पुरुष एक. विटाळाचं कोणी विचारलं नाही.