तिसऱ्या संचातली खडखड

ता. ४ मार्च

ती. आजीस, सा. न. वि. वि.

तुझी तब्येत बरी ना? मी मात्र पार वैतागले आहे. आजोबांचे जाझचे जुने तिन्ही वादकसंच एकाच संध्याकाळी पुन्हा उभे करायचे, ही हौस माझीच, म्हणून रडायचीही सोय नाही. पहिले दोन बसले. घोडं अडलंय तिसऱ्यावर, घरी तालीम करायच्या त्या चौघांच्या. त्यातले भोंगेआजोबा तेवढे उरलेत, आणि लोक येणार ते त्यांचं ट्रंपेट ऐकायला. ते नसतील तर कार्यक्रमच रद्द करा, असं हॉलवाले म्हणतात.

त्यांच्या तालमीच्या जुन्या टेपवरून मी सगळं लिहून काढलं. मागची खडखड किती खटपटीने पुसून घेतली. टेप मध्येच संपली होती, म्हणून शेवट मी रचला. तर काल भोंगेआजोबांनी चार ओळी वाजवल्या, ट्रंपेट पेटीत ठेवलं, ही आमची चीज नव्हे म्हणाले, आधी वहिनींना विचार म्हणाले आणि गेले. तुझी परवानगी हवी असेल त्यांना. देऊन टाक एकदाची, आणि समजाव त्यांना.

तुझी त्रासलेली नात

ता. ९ मार्च

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, शेजारणीलाही वाचून दाखवलं. तिन्ही संच पुन्हा वाजणार म्हटल्यावर माझे पाय जमिनीवर नाहीत. तुझ्या आजोबांचं ते जाझ आमच्या गल्लीत कुणाला कळायचं नाही. खालचे डॉक्टर एकदा विचारायला आले, तुमच्याकडे वाद्यं दुरुस्त होतात का म्हणून. चांगला माणूस, पण औषध कडू द्यायचा. असो, भरकटले.

अगं, परवानगी कसली? ती खडखड म्हणजे मीच. उजेड फक्त पुढच्या खोलीत, म्हणून माझं शिलाई मशीन तिथे आणि यांची तालीमही तिथेच. आधी चौघे माझ्याशी खूप भांडले. मी काही हलले नाही. मग हळूहळू माझ्यावरच वाजवायला लागले. सरळ शिवण आली की पळायचे, कॉलर वळवताना मी थांबत थांबत जायची, तर तेही श्वास धरून. कपडा पुरा झाला, मी दोरा तोडला, की चीज संपली. टेप संपली नव्हती गं, तुझ्या बाबांचा शाळेचा शर्ट संपला होता. आणि तू मलाच पुसून काढलंस, वर शेवटही जोडलास. आजोबा असते तर हसून लोळले असते.

वेळेवर जेवत जा. जीव आहेच तुझ्यावर, तो तसाच राहील.

तुझी पुसलेली आजी

ता. १३ मार्च

ती. आजीस, सा. न. वि. वि.

कपाळावर हात मारला मी. खडखड परत आणली, माझा शेवट फाडून टाकला. भाड्याने मशीन आणलं, ड्रमवाल्याला त्यावर बसवलं, टेपबरहुकूम पाय मारायला शिकवलं. भोंगेआजोबांना हातापाया पडून बोलावलं. त्यांनी ऐकलं, म्हणाले, सुईखाली कापडच नाही की. आणि पुन्हा गेले. ड्रमवाला माझ्याशी बोलत नाही ते वेगळंच.

आता तूच ये. तुझं सगळं थांबणं-पळणं कागदावर मांडून सोबत पाठवते आहे. तस्संच शिव, टेपमध्ये थांबतेस तिथेच थांब. दिवस थोडे उरलेत, नाही म्हणू नकोस.

तुझी टेकीला आलेली नात

ता. १६ मार्च

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

येते. पण तुझा तो कागद मला नको. तो शर्ट दहा वर्षांच्या पोराचा होता, त्या पोराला आता टक्कल पडलंय. तोच शर्ट पुन्हा कसा शिवू? शिवाय गुडघा दुखतो, तो त्याला वाटेल तिथे थांबेल. सुईत दोरा मात्र तू ओवून द्यायचा, माझे डोळे दगा देतात.

मागचं पत्र तुला टाकलं, त्याच दिवशी भोंगेभावजींनाही एक टाकलं होतं. तुमचा शर्ट शिवते, माप पाठवा, असं लिहिलं. उत्तर आलं. पानभर तुझ्या नावाने कुरकूर, आणि खाली निमूट माप. तेव्हा येतात ते, काळजी सोड. शर्ट घरून शिवून आणते. बाह्या आणि खालची दुमड तिथे, सगळ्यांसमोर. भावजींचा घेर आता चांगलाच वाढलाय, तेव्हा चीज लांबणार, हॉलवाल्यांच्या कानावर घालून ठेव.

शेवट कुठे, म्हणून कुणी विचारलं तर माझ्या हाताकडे बघायला सांग. दोरा तोडला की थांबा.

राग सोड, लोभ तेवढा धरून ठेव.

तुझी आजी