आवरलेली खोली

सोमवार, नऊ तारीख

ती. ताईस,

बारकीचा नमस्कार. दाजींची कंबर आता कशी आहे? भाची परीक्षेतून सुटली असेल, तिला माझ्याकडून एक टपली मार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहिणार होते, पण ते माझ्या वतीने तूच त्या बाईंना सांगून टाकलंस, तेव्हा मी पुन्हा लिहीत नाही.

अर्ज नामंजूर झाला. मागच्याच आठवड्यात कळलं, पण तुला लिहायला हात उचलत नव्हता. नैराश्यामुळे काम होत नाही म्हणून सरकारी भत्ता मागितला होता, डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं होतं. पण घरी तपासणीला आलेल्या बाईंनी लिहिलंय: खोली स्वच्छ, अर्जदार नीटनेटकी, जेवण ताजं, स्वतःची कामं स्वतः करते.

ताई, ती खोली कोणी आवरली? तू आदल्या दिवशी आलीस. मी म्हटलं, राहू दे, आहे तसं दिसू दे. तू म्हणालीस, "चार माणसं यायची आणि घर असं? लोक काय म्हणतील?" चार कसली, एकच बाई यायची होती, आणि तिला हेच बघायचं होतं. बुरशी धरलेली भांडी तू घासलीस, चादर धुतलीस, शिलाई मशिन पुसून तेल घातलंस. केस विंचरताना गुंता सुटेना तेव्हा तुझे डोळे भरले, ते मी आरशात पाहिलं. इतकं कोणी कोणाचं करत नाही. म्हणून तर मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, स्वयंपाक कोण करतं? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "तीच करते. हाताला चव आहे हो तिच्या." आणि शिवणकाम? "चालू असतं की. बघा, मशिन कसं लखलखतंय." वर आणखी, "आमच्या घरात कोणाला डोक्याचं काही नाही. जरा मनाला लावून घेते, एवढंच."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आईचं वाक्य तुला पाठ आहे. पण मूठ माझी होती ना गं. कारखान्यात मी कॉलरी शिवायचे तेव्हा सुपरवायझर माझी कॉलर नव्या मुलींना दाखवायचा. आता सुईत दोरा ओवते आणि तशीच बसून राहते. घरमालक भला माणूस आहे, पण त्याच्या भलेपणावर किती दिवस काढू? भत्ता नाही मिळाला तर ही खोली सोडावी लागेल.

भाचीसाठी स्थळं बघताय, तेही कळलं मला. मावशीचं असलं दुखणं सरकारी कागदावर नको, असंच ना? तोंडावर म्हणाली असतीस तर रडले असते, पण समजून घेतलं असतं.

आता जे टाळत होते ते लिहिते. मशिनच्या खणात बटणांचा डबा असतो. त्यात बटणांखाली मी गोळ्या साठवल्या होत्या. कशासाठी, ते तुला सांगायला नको. तू गेल्यावर डबा उघडला तर बटणं रंगांप्रमाणे वेगळी करून पुड्यांत बांधलेली, आणि खाली काही नाही. फेकून दिल्यास, बरं केलंस. त्याचा राग नाही, त्यामुळेच मी आज हे लिहू शकतेय.

राग याचा आहे, की ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून, फेकून, तू त्या बाईंसमोर बसलीस आणि म्हणालीस, "एवढंच." परक्याने केलं असतं तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. ताई, तू माझा विश्वासघात केलास. शब्द जड आहे, पण हलका सापडला नाही.

मी अपील केलंय. सुनावणी पंचवीस तारखेला. घरच्या माणसाने येऊन सांगितलं तर फरक पडेल, असं डॉक्टर म्हणतात. घरचं माणूस म्हणजे तूच, दुसरं आहे कोण? भांड्यांचं सांगू नकोस, चादरीचंही नको. डब्यात काय सापडलं, तेवढं सांग.

येणार असशील तर आदल्या दिवशीच ये. डबा जागेवर आहे. आता त्यात नुसती बटणंच आहेत, हवं तर उघडून बघ. फक्त या वेळी खोली आवरू नकोस.

तुझीच, अजून तरी,
बारकी