कोपराखालचा भाता

आई, सकाळपासून कितीदा हे वाद्य बांधलं आणि सोडलं. स्वस्थ बसवत नाही म्हणून तुला लिहायला घेतलं.

तू हे कधी पाहिलं नाहीस. आयर्लंडची जुनी बॅगपाइप. तोंडाने फुंकायची नाही. उजव्या कोपराखाली भाता बांधायचा, डाव्या काखेतली हवेची पिशवी दाबायची आणि मांडीवर टेकवलेल्या नळीवर बोटं चालवायची. बाजूच्या लांब नळ्या तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून राहतात. मूळ वाद्य कुठल्याशा म्युझियममध्ये काचेआड आहे, लाकूड तडकलेलं, आता न वाजणारं. इथे अमेरिकेत, बॉथेलजवळ मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने त्याची मापं घेऊन हे नवं घडवलं. त्याच्या बोटांना कंप सुटलाय, म्हणून त्याने ते माझ्या हाती दिलं. "लाकूड कोरं आहे," तो म्हणाला, "रोज वाजवलंस तरच त्याचा आवाज उघडेल."

पहिल्या दिवशी मी भाता असा काही हाणला की नळी किंचाळलीच. आणि मला आपलं नागपूरचं स्वयंपाकघर दिसलं. कूलर त्याच खोलीत, म्हणून उन्हाळ्यात तुझी पेटीची शिकवणीही तिथेच. तू पोळ्या लाटतेयस, मी फरशीवर पेटी घेऊन बसलेय, आणि तू मागे वळूनही न बघता म्हणतेस, "हापसा आहे का तो? पाणी काढतेयस? हवा मागेल तेवढीच दे." पिठाचा हात माझ्या मनगटावर येतो. तो हात थंड असतो, उन्हाळ्यातसुद्धा.

आमची अख्खी टेस्टिंग टीम कंपनीने कमी केली, हे तुला सांगायचं राहिलंच. आमच्या घरात सगळ्यांचं इथलं राहणं माझ्या व्हिसावर आहे. लवकर दुसरी नोकरी लागली नाही तर घर गुंडाळून परत यायचं. लेकीची शाळा अर्ध्यावर. ती विचारत काही नाही, फक्त मी वाजवायला लागले की दार लावून घेते. "आई, दॅट थिंग साउंड्स सो सॅड," एवढंच म्हणाली एकदा. तुझा जावई तसा शांत, पण परवा त्याचाही तोल गेला. "अगं, आधी चार ठिकाणी अप्लाय कर यार, मग वाजव दिवसभर." मी अप्लाय करतेच. करून झालं की हात रिकामे होतात, ते कुठे ठेवायचे कळत नाही.

काल दुपारी लायब्ररीच्या हॉलमध्ये या वाद्याचा छोटा कार्यक्रम होता. म्हातारा पहिल्या रांगेत बसला होता, थरथरणारे हात मांड्यांखाली दाबून. मी एक संथ चाल सुरू केली. मधेच शेजारच्या खुर्चीवर ठेवलेला फोन थरथरायला लागला. ज्या कंपनीच्या उत्तराची आठवडाभर वाट बघत होते, तिचंच नाव स्क्रीनवर. थरथर थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. मी चाल शेवटपर्यंत वाजवली. टाळ्या थांबल्यावर म्हातारा जवळ आला आणि लाकडावरून अंगठा फिरवत राहिला, तापलंय का बघावं तसा.

पार्किंगमधून मी फोन लावला. पलीकडच्या बाई सहज म्हणाल्या, हरकत नाही, सोमवारी सकाळी बोलू. म्हणजे आज आणि उद्या असंच, या खोलीतून त्या खोलीत.

घरी नवऱ्याने विचारलं, "फोन उचलला का नाहीस?" मी म्हटलं, "अरे, दोन्ही हात, दोन्ही कोपरं अडकलेली असतात. कसा उचलणार?" त्याला ते पटलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून लिहून टाकते. एक कोपर सैल सोडलं असतं तर वाद्य गप्प झालं असतं. नाव मी वाचलं होतं, आई. तरी मला थांबायचं नव्हतं.