पेटीला नऊ दिवस ऊन

भुसावळ,
रविवार, ता. ११ जून १९९५

ति. सौ. द्रौपदाअक्का हिस,

धाकट्या देवचंदचा जयभीम. भाऊजींना वेगळा जयभीम (एकाच जयभीममध्ये दोघांना उरकलं की ते मनाला लावून घेतात, हे मागच्या दिवाळीत कळलं). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजी चहात साखर टाकतात की नुसती बरणी जवळ ठेवून पितात? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे अजून वितळलो नाही. मृगाचं नाव निघालं, पण ऊन काही हलायला तयार नाही. दुकानात सोल्डरिंगची इस्त्री बंद केली तरी कथील पातळच राहतं की काय, असं वाटतं.

तुझं कार्ड काल मिळालं. कार्डावर एकच ओळ, 'धुळ्याला येऊन घरी न येणारा भाऊ मला नाही.' पुढच्या वेळेस एवढं बोलायचं असेल तर पाकीट वापर. पोस्टमनने ते मला देण्याआधी शेजारच्या शिंप्याला वाचून दाखवलं आणि दोघांनीही माझ्याकडे मान हलवून पाहिलं. तुझ्या शेजारच्या कुंदाबाईंनी मला मंगळवारी स्टँडवर पाहिलं, हे खरं. माझ्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं, हेही खरं. पण ते 'दुसऱ्या बहिणीकडे नेलेलं सामान' नव्हतं (आपल्याला दुसरी बहीण नाही, एवढं तरी त्यांना सांग). ती मोतीलालशेठची पेटी होती. आता ती पेटी काय, आणि मी तुझ्या दारावरून तसाच का गेलो, हे सांगायला थोडं मागून यावं लागेल. चष्मा लाव आणि बस.

मोतीलालशेठची जिनिंग फॅक्टरी तुला माहीत आहे, जळगाव रस्त्यावरची, आत शिरलं की नाकात कापूस जातो ती. दोन वर्षांपूर्वी शेठने तिथे मुंबईहून चार कॅमेरे आणून बसवले. एक गेटवर, एक काट्यावर, एक गाठींच्या गोदामात, एक ऑफिसात. चारही कॅमेऱ्यांच्या वायरी एका पेटीत येतात आणि ती पेटी चार चित्रं एकाच टीव्हीत चार चौकटींत मांडते. त्याच आवारात शेठचं घर आहे, तिथपर्यंतही एक वायर ओढली. हेतू असा की शेठने जेवताना घास हातात धरून फॅक्टरी पाहावी. झालं असं की शेठ जेवून झोपायचे आणि फॅक्टरी कमलबाई पाहायच्या, म्हणजे शेठच्या मंडळी. दोन वर्षांत त्यांना फॅक्टरीची एवढी सवय लागली की दूरदर्शनवर काही चांगलं लागलं तरी त्या बदलायच्या नाहीत. कोणत्या मजुरणीचा डोळा सुजलेला आहे, काट्यावरचा कारकून कितीदा केस विंचरतो, सगळं त्यांना पाठ.

मेच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या कूलरचं पाणी त्या पेटीवर उडालं आणि चारी चौकटींत आडव्या रेघा आल्या. पेटी दुरुस्तीला माझ्याकडे आली. मी उघडली. आत एक मोठी आयसी, तिच्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, भिजून अर्धी निघालेली. मी ती उरलेली अर्धीही सोलून काढली (ओली चिठ्ठी कोण ठेवील?). तर आयसीच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी! आत चकचकीत काहीतरी. मी म्हटलं, वा, मुंबईवाले काय शोभेच्या आयसी बनवतात. बोर्ड ब्रशने पुसला आणि वाळायला गच्चीवर ठेवला. त्याच संध्याकाळी आम्ही मंदाच्या मामेबहिणीच्या लग्नाला यावलला गेलो. मी दोन दिवसांनी परतणार होतो, पण तिथे मांडवातला लाउडस्पीकर बिघडला, मग हळदीच्या घरचा टीव्ही, मग नवऱ्या मुलाच्या काकांचा रेडिओ. लोक मला पाहुणा म्हणून बोलावतात आणि पेचकस घेऊन वाट पाहतात. मंदा मात्र तिसऱ्या दिवशीच परत आली, कारण तिचे उडदाचे पापड व्हायचे होते. मी आलो तेव्हा बोर्ड पापडांच्या रांगेत बसलेला, आणि मंदाने त्याला रोज पापडांसारखा उलटापालटा केलेला, दोन्ही बाजू नीट वाळाव्यात म्हणून. नऊ दिवसांचं भुसावळचं ऊन, अक्का. पापड चांगले झाले.

पेटी बंद करून फॅक्टरीत नेऊन जोडली. रेघा गेल्या होत्या. रेघांबरोबर चित्रंही गेली होती. टीव्ही काळा. मी सगळं तपासलं. वीज येते, जाते, कुठे काही जळलेलं नाही, पण पेटीला स्वतःचं नावसुद्धा आठवेना. शेठ मागे उभे. शेठ मागे उभे राहिले की माझ्या तोंडून काहीतरी निघतंच. मी म्हणालो, "कोणीतरी आत हात घातलेला दिसतो." एवढंच. आपण डॉक्टर असतो तर म्हणालो असतो, हवा बदलली म्हणून. मी म्हणालो, हात घातलेला दिसतो.

आता गेटवरचा निंबा. तू त्याला पाहिलेलं नाहीस. साक्रीकडचा माणूस, एकोणीस वर्षं त्या गेटवर, आवारातल्याच एका खोलीत बायको मंजुळाबाईसह राहतो. कॅमेरा बसला तेव्हा तो शेठला सरळ म्हणाला होता, "शेठ, हाई पेटी दिवसभर मले देखस, पन बोलस नही." त्याचं दुःख एवढंच होतं की ज्याच्याशी ओळख नाही त्याने इतकं टक लावून पाहू नये. पण माझं वाक्य ऐकल्यावर शेठला ते जुनं वाक्य आठवलं, आणि दोन वाक्यं जोडून त्यांनी तिसरं काढलं. निंबाला कॅमेरा नको होता, म्हणून निंबानेच पेटीत हात घातला. सगळे मजूर आत शिरायच्या वेळेला त्याला गेटवर उभं करून सांगितलं, की सात जूनला नवा वॉचमन येतोय, तोवर खोली रिकामी कर.

मी तिथेच होतो. पेचकस खिशात ठेवत होतो. मला तेव्हा वाटलं, मी काही नाव तर घेतलं नाही. (अक्का, हे वाक्य तू नीट वाच. मी त्यानंतर ते स्वतःला पुष्कळदा वाचून दाखवलं.)

दुसऱ्या दिवसापासून निंबा माझ्या दुकानात येऊन बसायला लागला. पहिल्या दिवशी म्हणाला, "भाऊ, मी त्या पेटीले हात बी लायेल नही." मी म्हणालो, "बघतो मी काय ते." पुन्हा तो विषय त्याने काढला नाही. रोज यायचा, माठातलं पाणी प्यायचा, स्टुलावर बसायचा, तासाभराने "येस भाऊ" असा निरोप घेऊन जायचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गिऱ्हाईक विचारायचं, हे कोण? मी सांगायचो, पाहुणे.

शेवटी एक तारखेला, गुरुवारी, मी एसटीडी बूथवरून धुळ्याला चुडामण सरांना फोन लावला. आयटीआयला आम्हाला शिकवायचे ते, आता तिकडे कॉलेजात आहेत. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आयसीला खिडकी होती का?"

"होती."

"वरची चिठ्ठी कोणी काढली?"

"मी."

"उन्हात ठेवली?"

"थोडी."

"थोडी म्हणजे किती, देवचंद?"

"नऊ दिवस."

बूथवाल्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग सर सावकाश म्हणाले, "बाळा, पेटीने काय करायचं, कसं करायचं, हे सगळं त्या आयसीत लिहिलेलं असतं. ती खिडकी ते पुसण्यासाठीच ठेवलेली असते. उजेडाने पुसतं. चिठ्ठी म्हणजे पडदा. तू पडदा काढून नऊ दिवस सूर्यापुढे धरलीस. पाटी कोरी झाली." उपाय एकच: अगदी तशीच पेटी शोध, तिच्यातली आयसी घेऊन ये, कॉलेजातल्या यंत्रावर तिच्यातला मजकूर तुझ्या आयसीत उतरवून देतो.

तशी पेटी अख्ख्या खानदेशात एकच, शेठचे धुळ्याचे व्याही पितांबरशेठ यांच्या तेलाच्या गिरणीत. दोघांनी एकदमच मागवल्या होत्या, सोयरीक नवीन असताना. मग लग्नात पितांबरशेठच्या थोरल्या भावाला फेटा बांधायचा राहिला, आणि तेव्हापासून दोन्ही व्याही एकमेकांची खुशाली फक्त सुनेकडून, म्हणजे लेकीकडून, विचारतात. मी शेठला सांगितलं, की पेटीतला मजकूर उडालाय, व्याह्यांकडून उतरवून आणावा लागेल. (कसा उडाला, ते शेठनी विचारलं नाही. मीही आग्रह केला नाही.) शेठ म्हणाले, "पेटी गेली खड्ड्यात, मी त्याला फोन करणार नाही." सोमवारपर्यंत हेच. सोमवारी दुपारी कमलबाई आल्या, फोन उचलला आणि सरळ पितांबरशेठला म्हणाल्या, "फेटा राहिला ती चूक आमची. त्या दिवशीच सांगायला हवी होती. आता उद्या आमचा देवचंद येईल, त्याला पेटी द्या." दोन मिनिटं लागली. शेठ छताकडे पाहत होते. मी शेठपेक्षा जास्त छताकडे पाहत होतो.

मंगळवारी धुळ्याला उतरलो. पितांबरशेठ पेटी द्यायला तयार, पण नजरेआड करायला तयार नाहीत. आपली पेटी मांडीवर घेऊन ते रिक्षात माझ्या शेजारी बसले, माझ्या मांडीवर आमची. रिक्षावाल्याने विचारलं, दोन्हीकडे जुळं झालं का? कॉलेजात सरांनी त्यांची आयसी अलगद उपसली, तेव्हा पितांबरशेठनी डोळे मिटले, जणू दाढ काढतायत. यंत्राने वाचलं, आमच्या आयसीत लिहिलं, पुन्हा पडताळून पाहिलं. पितांबरशेठ म्हणाले, "गुरुजी, माझ्यातलं काही कमी तर नाही ना झालं?" सर म्हणाले, "मी तीस वर्षं शिकवतोय, माझं काही कमी झालं असेल तर या देवचंदला विचारा." मग सरांनी दोन्ही खिडक्यांवर काळी पट्टी चिकटवली, आणि मी वरून आणखी तीन.

साडेतीनला मोकळा झालो. तुझं घर तिथून चालत दहा मिनिटं. आता खरं सांगतो. मी तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो होतो. तुझ्या दारातली तुळशीशेजारची सायकलसुद्धा दिसली. पण मला माहीत होतं, मी आत आलो की तू चहा ठेवणार, माझ्या तोंडाकडे पाहणार आणि म्हणणार, काय झालं रे? आणि पहिल्या घोटाला मला सगळं सांगावं लागणार. आणि एकदा तुला सांगितलं की शेठला न सांगण्याची सोय उरणार नव्हती. ती सोय मला धुळ्यापासून भुसावळपर्यंत तरी जवळ ठेवायची होती. म्हणून मागे वळलो आणि स्टँडवर जाऊन बसलो. तेवढ्यात कुंदाबाई.

बुधवारी सकाळी नऊला पेटी जोडली. चार चौकटी, चारी स्वच्छ. शेठनी माझ्या पाठीवर अशी थाप मारली की पेचकस पडला. म्हणाले, "त्या निंब्याने मारली होती, तू जिवंत केलीस!" बाहेर नव्या वॉचमनची ट्रंक उतरत होती. कमलबाई ऑफिसातच उभ्या होत्या, घरी जाईपर्यंत त्यांना दम नव्हता. पहिल्या चौकटीकडे बघत त्या म्हणाल्या, "दोन वर्षं मी त्याला बघतेय. बिडी ओढायला तो गेटाबाहेर जातो, आत कापूस आहे म्हणून. तो कशाला पेटीला हात लावील?" आणि मग मला, अगदी साधेपणाने, "देवचंद, कशाने बिघडली होती रे?"

मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, गच्ची, नऊ दिवस, आणि ते माझं वाक्य. शेठ ओरडले नाहीत. ते म्हणाले, "पापडाशेजारी?" मी म्हणालो, "उडदाच्या." चारही चौकटींत लोक आपापलं काम करत होते.

शेठनी मला निंबाच्या खोलीवर पाठवलं. बोचकी बांधून दारात ठेवलेली. मी दारातच हात जोडले, म्हणालो, निंबाभाऊ, चूक माझी. निंबा उठायला लागला, तर मंजुळाबाईने त्याचा हात धरून खाली बसवला आणि मला म्हणाली, "बठ्ठासना समोर काढं. आते बठ्ठासना समोरच बलावा." काढलं सगळ्यांसमोर, आता बोलवाही सगळ्यांसमोरच, हा निरोप घेऊन मी परत. शेठ जागेवरून हलेनात. तेव्हा कमलबाई फक्त "फेटा" एवढाच शब्द म्हणाल्या. शेठ उठले. जेवणाच्या सुट्टीत सगळे मजूर बाहेर असताना ते गेटवर उभे राहून मोठ्याने म्हणाले, "निंबा, माझं चुकलं. गेट सांभाळ." नव्या वॉचमनला त्यांनी गोदामावर ठेवलं. निंबा स्टुलावर बसला, टोपी सारखी केली. माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाला, "भाऊ, पानी पेस का?"

असं आहे सगळं. आता तरी तो कार्डावरचा शब्द मागे घे.

तुझा धाकटा भाऊ,
देवचंद

ता. क. वर 'सगळं सांगितलं' असं लिहिलंय, ते जवळजवळ सगळं असं वाच. शेठसमोर बोलताना 'गच्चीवर वाळत घातली' इथपर्यंत आलो, आणि तोंडून निघालं, 'मंदाने.' शेठ मागे उभे होते, अक्का. कमलबाई गुरुवारी बाजारात मंदाला भेटल्या आणि प्रेमाने म्हणाल्या, "अगं, यंत्रं उन्हात घालू नये हो." तेव्हापासून मंदा माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पण खाली ठेवताना वाजवते.

ता. क. दुसरं. म्हणून मूळ काम असं की तू आठ दिवस इकडे ये. गुडघ्याला भुसावळचं ऊन चांगलं असतं. मंदा तुझं ऐकते. मी स्टँडवर घ्यायला येतो, दारावरून परत जाणार नाही.

अक्कांना मंदाचा जयभीम. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. सरांच्या फोनवरचे 'नऊ दिवस' बूथवाल्याकडून माझ्या कानावर आलेच होते, आणि त्या रात्री हे जेवले नाहीत, तेव्हाच मला सगळं समजलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी मीच निंबाभाऊंच्या खोलीवर जाऊन सांगून आले, की पेटी आमच्या गच्चीवर बिघडली, उलटीपालटी मीच केली, शेठकडे चला, मी सांगते. मंजुळाबाई म्हणाल्या, "नको बाई. तो सांगी. त्याले थोडा येळ दे." निंबाभाऊ त्यानंतरही सोमवारपर्यंत दुकानात येऊन नुसते बसायचे, ते त्यासाठी. हे यांना अजून माहीत नाही, तुम्हीही सांगू नका. आणि नक्की या. पापड तुमच्यासाठी वेगळे काढून ठेवलेत.