चेहरा स्पष्ट नाही

पंचवटी, नाशिक
श्रावण शुद्ध प्रतिपदा, शके १९४७, शुक्रवार

ज्याला कोणालाही ओळखण्यासाठी दिव्याची गरज लागत नाही, त्या श्रीरामाची कृपा तुमच्या घरावर अखंड असो.

चि. भाग्यश्री सावळीराम गतीर हिस अच्युत गायधनी याचे अनेक शुभाशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. गोदामाईचे वाढलेले पाणी आता ओसरले. सिंहस्थाच्या कामांसाठी आमच्या गल्लीतला रस्ता उकरून ठेवला आहे. पहाटे रामाच्या दर्शनाला निघालो की काठी चिखलात रुतते, आणि ती उपसता उपसता अर्धे स्तोत्र तिथेच म्हणून होते. तुमच्याकडे भाताची लावणी उरकली असेल. तुझ्या आजीला, चंद्रभागाबाईंना, माझा नमस्कार सांग. त्यांचा खोकला कसा आहे?

यंदा गुरुपौर्णिमेला सावळीराम आला नाही. माझ्या शाळेतून तो बाहेर पडला त्याला तीस वर्षे झाली. त्या दिवशी घोटीच्या पहिल्या गाडीने येऊन, पायरीवर तांदळाची पिशवी ठेवून, ‘गुरुजी, हाय का घरात?’ अशी हाक त्याने मारली नाही, असे हे पहिलेच वर्ष. त्याची तक्रार करण्यासाठी हे पत्र नाही. त्याने येऊ नये, हेच योग्य होते.

आमच्या लोककला मंडळाचे कारकून कुंदन तुमच्याच भागातले. त्यांच्याकडून कळले की शासकीय तंत्रनिकेतनाच्या यादीत तुझे नाव दीड टक्क्याने हुकले. तुला विजेची शाखा हवी होती, हे मला ठाऊक आहे. दहावीला लोककलेसाठी मिळणारे दहा वाढीव गुण तुझ्या बेरजेत असते, तर पाचशेत ते दोन टक्के झाले असते. हा हिशेब मी गेल्या महिन्यात अनेकदा केला आहे. प्रत्येक वेळी उत्तर तेच येते.

त्या गुणांसाठी मंडळाची शिफारस लागते आणि शिफारशीवर अध्यक्ष म्हणून माझी सही. तुझ्या प्रस्तावावर मी सहीऐवजी शेरा लिहिला : ‘छायाचित्रांत विद्यार्थिनीचा चेहरा स्पष्ट नाही.’

हा नियम मीच केला होता. आधीच्या वर्षी एकाच्या जागी दुसऱ्याला नाचवून गुण घेतल्याचा प्रकार उघडकीस आला होता. तेव्हा चेहरा दिसला पाहिजे, अशी अट घालण्यात काही वावगे नव्हते. अजूनही नाही. येथवर लिहिणे सोपे होते. आता पुढचे लिहितो.

जानेवारीतली ती सकाळ तुला आठवत असेल. सावळीराम आणि तू मंडळाच्या कचेरीत आलात. टेबलावर तुम्ही बोहाड्याची सात छायाचित्रे मांडली. सातांतही जगदंबेचा तो मोठा मुखवटा, मागे प्रभावळ, हाती तलवार. शहरातल्या सदस्यांना मी बोहाडा म्हणजे काय ते समजावून सांगितले : देवांचे मुखवटे धारण करून गाव आपल्याच अंगणात देवांचा खेळ मांडते, ज्या घराकडे जो मुखवटा त्या घराकडे तो मान, आणि गतीरांकडे जगदंबा. सांगताना माझ्या आवाजात कौतुक होते. कौतुकाइतकी सोपी दुसरी गोष्ट नाही.

मग मी म्हणालो, ‘यात हिचा चेहरा कुठे आहे?’

सावळीराम गोंधळला. ‘गुरुजी, तोंड दिसलं तर मग ती देवी कशी?’

त्यावर आमचे सदस्य अमितराव, ज्यांचा शिकवणीचा वर्ग आहे, ते म्हणाले, ‘मग आधार कार्डावरही मुखवट्याचाच फोटो लावा.’ सगळे हसले.

मीही हसलो, भाग्यश्री. तू माझ्याकडे पाहत होतीस. तुला ते दिसले आहे, म्हणून लपवण्यात अर्थ नाही.

आणि मी तुला वाट सुचवली. कचेरीच्या आवारात मुखवटा हातात धरून उभी राहा, कुंदन फोटो काढतील, मी सही करतो. तू मान हलवलीस. ‘देवी पूजा करून उतरवायची आसती, गुरुजी. फोटोसाठी नाय.’ सावळीरामने तुझ्या कोपराला धरून हळूच म्हटले, ‘आगं, दोन मिनिटांचं काम हाय.’ तू म्हणालीस, ‘तुम्ही वीस वरसं नेसली देवी. तुम्ही कधी काढला का आसा फोटो?’ त्याने तुझे कोपर सोडले. मी शेरा लिहिला.

त्याच बैठकीत अमितरावांच्या वर्गातली दहा मुले नवे फेटे बांधून छायाचित्रांत उभी होती. एकाने संबळ गळ्यात उलटा अडकवला होता. चेहरे मात्र लख्ख. त्या दहाही कागदांवर माझी सही आहे.

आता जे सांगायचे टाळत मी चार पाने खर्ची घातली, ते.

त्याच्या आदल्या वैशाखात मी तुमच्या गावी बोहाड्याला आलो होतो, हे मंडळात कोणाला ठाऊक नव्हते. सावळीरामने बोलावले होते. देवी त्या वर्षी कोण नेसणार, ते त्याने सांगितले नव्हते. त्याचे गुडघे गेले आहेत, हे मला माहीत होते, तरी तोच असेल असे मी धरले. रात्रभर सोंगे झाली, शेवटचे सोंग देवीचे. उन्हे कौलांवर आली होती. संबळ आणि पिपाणी एकदम चढली, आणि चौकात जगदंबा उतरली. मी आयुष्यभर शास्त्रोक्त नृत्याला कला म्हणत आलो आणि बोहाड्याला गावची हौस. त्या सकाळी ती समजूत कुठे गेली, ते मला सांगता येणार नाही. देवीने असुराला लोळवले आणि ती माझ्यासमोर येऊन थांबली. लोक पाया पडत होते. मी, या वयाचा माणूस, धुळीत गुडघे टेकले आणि तिच्या पायांवर डोके ठेवले.

डोळे उघडले तेव्हा माझ्या नाकाशी एक डावा अंगठा होता, आणि त्याचे नख मधोमध दुभंगलेले होते.

तू पाच वर्षांची असताना माझ्या अंगणात पाट्यावरचा वरवंटा पायावर पाडून घेतला होतास. माझी सौभाग्यवती तेव्हा हयात होती. ती तुला मांडीवर धरून होती आणि हळद मी भरली होती. ते नख मी विसरणे शक्य नव्हते. आणि त्याच वेळी मुखवट्यामागून, संबळाच्या गदारोळात, अगदी हळू शब्द आले : ‘गुरुजी, उठा आता. गुडघा दुखंल.’

सभोवती कोणाला ते ऐकू गेले नाही. मला गेले.

मला तुझा राग आला नव्हता. लाज वाटली. माझ्या अंगणात धडपडलेल्या पोरीच्या पायांवर मी लोटांगण घातले, ही गोष्ट मला कोणी विचारू नये, एवढेच मला हवे होते. जानेवारीत ती छायाचित्रे समोर आली, तेव्हा सदस्यांनी विचारले असते, ‘हीच मुलगी आहे, हे तुम्ही कशावरून सांगता?’ उत्तर माझ्यापाशी होते. ते द्यावे लागू नये म्हणून मी नियम पुढे केला.

चाळीस वर्षे मी रामायणावरच्या प्रवचनांत सांगत आलो की जो नित्य चरणवंदन करतो, त्याला पैंजणांवरूनही ओळख पटते. त्याने मुख पाहिलेले असण्याची गरज नसते. तो प्रसंग ऐकताना श्रोते डोळे पुसत. तीच ओळख प्रत्यक्षात माझ्याकडे साक्षीला बोलावली गेली, आणि मी सांगितले की चेहरा दिसत नाही.

गेल्या रविवारी मी मंडळाची बैठक बोलावली आणि वर लिहिले आहे ते सगळे, नखासकट, वाचून दाखवले. या वेळी कोणी हसले नाही. अमितराव खिडकीबाहेर पाहत होते. त्या दहा सह्यांचेही मी लेखी कळवले आहे आणि अध्यक्षपद सोडले आहे. मुखवट्याच्या कलेत यापुढे गावातल्या पाच माणसांची साक्ष चालेल, असे ठरले. हे तुझ्या कामाचे नाही, पुढच्यांच्या कामाचे आहे.

तुझ्या कामाचे ते असे. सोमवारी मी शिफारस आणि माझे प्रतिज्ञापत्र घेऊन परीक्षा मंडळाच्या कार्यालयात गेलो. तेथील बाईंनी कागद वाचून विचारले, ‘बाबा, पण तुम्ही ओळखलंत कशावरून? इथं स्पष्ट लिहा.’ मी त्यांच्यासमोरच लिहिले : ‘मी तिच्या पायांवर डोके ठेवले होते.’ त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, ‘मुदत केव्हाच संपलीय. अपवाद म्हणून वर पाठवते. होईलच, असं समजू नका. विद्यार्थिनीची आणि पालकांची सही मात्र पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारच्या आत हवी.’

रिकाम्या जागांची शेवटची फेरी त्यानंतर आहे. म्हणजे वाट अरुंद आहे, पण बुजलेली नाही.

माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवायचे नाही, असे सावळीरामने ठरवले आहे, हे कुंदन यांनी मला सांगितले. ते त्याने मोडू नये. येत्या बुधवारी सकाळच्या गाडीने मीच घोटीला येतो. कागद माझ्या पिशवीत असेल. एसटी स्थानकावर बाकावर बसेन आणि नाशिकची शेवटची गाडी सुटेपर्यंत थांबेन. सही केलीस म्हणून तू मला क्षमा केलीस, असे मी समजणार नाही. बोलायचे नसेल तर बोलू नकोस. तुझी आणि सावळीरामची सही झाली की कागद बाकावर ठेव आणि जा. पण माझ्यावरच्या रागापायी तुझ्या हक्काचे दहा गुण सोडू नकोस. ते मी देत नाही. ते तू त्या चौकात नाचून मिळवलेले आहेत. मी फक्त ते सहा महिने अडवून ठेवले.

हे पत्र तू आजीला वाचून दाखवशील, सावळीराम दाराशी उभा राहून ऐकेल, कदाचित शेजारचीही माणसे ऐकतील. ऐकू देत. हे शब्द ज्यांच्या डोळ्यांखालून किंवा कानांवरून जातील, त्या सर्वांच्या कष्टाची ओळख वेळेवर पटो. आणि ज्यांच्या हाती सही आहे, त्यांना जगदंबा मान लववण्याचे बळ देवो.

तुझ्या पायांवर डोके ठेवलेला,
अच्युत वामन गायधनी