आंजीच्या विहिरीतला समुद्र

आंजी (मोठी), ६ जानेवारी

ती. रोशनीताईस,
धम्मदीपचा सविनय जयभीम. वि. वि.

मोबाईल अजून बाबांच्या पेटीतच कुलपात आहे, म्हणून कागद. मी कॉलेज सोडलं तं काजलनं मले सोडलं. परत जाय, नाईतर विसर, म्हणे. समुद्राचं शास्त्र शिकते तं एवढा तोरा! रत्नागिरीत ती तुह्याजवळच राह्यते, तिले हे वाचून दाखवजो.

तिच्याच पुस्तकात आहे : जुने शास्त्रज्ञ भरती-ओहोटी मोजाले किनाऱ्यावर विहीर बांधत, नळीनं समुद्र आत घेत. बाहेर लाटांचा धिंगाणा, आत पाणी शांत. त्यावर तरंगतं भांडं, भांड्याले दोरी, दोरीले पेन्सिल, आणि घड्याळाच्या चाकावर फिरणारा कागद. विहीर तं आपल्याही वावरात आहे! मी तेलाची रिकामी कॅन आत सोडली, आईच्या गजराच्या घड्याळावर कागद गुंडाळलेला डबा बसवला. आई आता कोंबड्याच्या भरवशावर उठून राह्यली.

ताई, पाणी रोज उतरते, रोज चढते! गुरुवारपासून वेळही बदलली. चंद्राशिवाय हे कोण करीन? शोध लावाले कॉलेज लागत नाई, हे तिले सांगजो. कागद सोबत आहे.

लोभ असू दे. तिलेही थोडा असू द्याले सांग.
तुहा धम्मदीप

रत्नागिरी, ११ जानेवारी

चि. धम्मदीपास अनेक आशीर्वाद.

कागद पाहून काजल इतकी हसली की चहा नाकातून आला. मग म्हणाली, भरती चंद्रामागं चालते, रोज थोडी उशिरा येते. तुझं पाणी बुधवारपर्यंत दिवसा उतरतं आणि गुरुवारी एकदम रात्रपाळीला जातं. बाबू, ही शेतीच्या लाईनची, म्हणजे विजेची, वेळ आहे! शेजारच्या वावरात नागसेनकाका, म्हणजे तिचेच बाबा, मोटर लावतात. खालचा झरा एकच. तुझा चंद्र वीज खात्यात नोकरीला आहे.

पण कागद तिनं भिंतीला लावला. हा पोरगा एका जागी एवढे दिवस टिकला कसा, म्हणत होती. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत अजून आहे, हेही तिनंच शोधलं.

आईचं घड्याळ परत दे. लोभ आहेच, अक्कल वाढव.
रोशनी

आंजी (मोठी), १८ जानेवारी

ती. ताईस जयभीम. वि. वि.

तुहं पत्र वाचून डोकं फिरलं. तसाच काकाच्या वावरात गेलतो. म्हटलं, एक दिवस मोटर बंद ठेवा. काऊन, म्हणे. रागारागात मी समुद्र, चंद्र, काजल, सारंच सांगून टाकलं. काजल कशाले सांगितली, मलेच समजलं नाई.

काकानं मोटर बंद ठेवली. लाईन आली, गेली. कागदावर सपाट रेघ. काका पाहून म्हणे, पेशंट गेला.

मी हरलो, आता लावा मोटर, म्हटलं. तं काका धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, मांडी घालून बसले. तू फॉर्म भर, मंग बटन दाबतो, म्हणे. इकडे गहू ओंबीवर! ज्या घरचा जावई व्हाचं, त्याच घरचा गहू मी वाळवू?

वर्ध्याले जाऊन फॉर्म भरला. काकानं पावती उलटीपालटी करून पाह्यली आणि बटन दाबलं. कॅन खाली जाऊ लागली. ताई, एवढी सुंदर ओहोटी मी जन्मात पाह्यली नाई.

तो कागद जोडला आहे. भिंतीवर अजून जागा आहे काय, तिले विचारजो.

लोभ वाढावा, दोघींचाही.
तुहा धम्मदीप